६ फूट १० इंचांचं घर

आमच्या घराची रुंदी ६ फूट १० इंच होती आणि लांबी ५७ फूट. हुबळीतल्या आमच्या घराचा व्हरांडासुद्धा याहून रुंद आहे. बर्मिंगहॅमला नोकरीत असताना मी आणि बायको तीन वर्षं कालव्यावरच्या नॅरोबोटीत राहिलो, आणि आता परत आल्यावर मंडळातली पोरं मला त्याबद्दलच विचारतात. "दादा, तिकडे घरभाडं परवडत नाही म्हणतात. बोट घेतली तर?" त्यातला एक माझा मावसभाऊ. त्याला तिकडची ऑफर आली आहे. मावशीने त्याच्या नावाने ठेवलेली मुदतठेव मोडून बोट घ्यायची, असं त्याच्या डोक्यात बसलंय. मावशी मला एक दिवसाआड फोन करून "त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांग" म्हणते. माझ्याकडे समजुतीपेक्षा मोजमापं जास्त आहेत, तीच इथे लिहितो.

हाउसबोट म्हटलं की आपल्याला केरळ किंवा काश्मीर आठवतं. ही त्यातली नव्हे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या मध्यभागात कोळसा, लोखंड, चिनी मातीची भांडी वाहून न्यायला कालवे खणले गेले. त्यातले बरेच जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने आखले. बोटीला चढावर किंवा उतारावर नेण्यासाठी कालव्यात दोन्ही बाजूंना दरवाजे असलेले हौद असतात, त्यांना लॉक म्हणतात. खर्च आणि पाणी वाचावं म्हणून या कालव्यांवरचे हौद जेमतेम ७ फूट रुंद बांधले. हौद ७ फुटी, म्हणून बोट ६ फूट १० इंच. अडीचशे वर्षांपूर्वीचा तो निर्णय आजही तुमच्या पलंगाची रुंदी ठरवतो. आपल्या धंद्यातल्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या सिस्टिमचा इंटरफेस कोणी बदलत नाही, त्याच्याभोवतीच सगळं बांधत जातात. लांबी ७२ फुटांपर्यंत असू शकते, पण ५७ फुटी बोट जवळजवळ सगळ्या कालव्यांवर फिरते, म्हणून तिला मागणी असते.

बोटीवर राहायला गेलेल्या इंग्रजांना पहिल्या वर्षी जे शिकावं लागतं, ते हुबळीच्या पोरांना घरातच शिकवलेलं असतं. सौंदत्तीच्या रेणुकासागरातलं मलप्रभेचं पाणी आमच्या नळाला आठ-आठ दिवसांनी यायचं. २००८ च्या सुमारास शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, पण आमचा वॉर्ड त्यात नव्हता. गल्लीत कोणीतरी "नीर बंतु!" ओरडलं की रात्री दोनलाही घर जागं व्हायचं. आधी संप भरायचा, मग मोटर लावून वरची टाकी, मग पिंप, मग कळश्या. आई संपात काठी बुडवून किती पाणी उरलं ते बघायची. बोटीवर डिझेल मी तसंच मोजायचो, काठी बुडवून. आजोबा दर दोन महिन्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि कॅलेंडरवर तारीख लिहायचे. सिलिंडर कधी लावला, तेही त्याच कॅलेंडरवर. बोट चालवायला लागतं ते एवढंच: टाकी, बॅटरी, सिलिंडर आणि कॅलेंडर. जे येत नाही, ते पोलादाचं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

बोट बघायला जाल तेव्हा आतलं लाकूडकाम बघून विरघळू नका. बोट म्हणजे पोलादी डबा, आणि तो गंजतो पाण्याखाली, जिथे तुमची नजर पोचत नाही. साधारणपणे तळाचा पत्रा १० मिलिमीटर जाड, बाजू ६ आणि छत ४. विकत घेण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तपासून घ्यायची. तो हातोडीने ठोकत जातो आणि अल्ट्रासाउंडच्या यंत्राने जागोजाग जाडी मोजतो. पत्रा ४ मिलिमीटरच्या खाली गेला की विमा कंपन्या कुरकुर करायला लागतात. मग वरून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो आणि तो खर्च तुमच्या खिशातून जातो. आम्हाला पहिली आवडलेली बोट अशीच होती. ओकचं स्वयंपाकघर, पितळी खिडक्या, बायको तर पडदे कुठले लावायचे ते ठरवूनही बसली होती. सर्व्हेअरच्या यंत्रावर पाण्याच्या रेषेपाशी ३.८ आकडा आला, पुढे दोन हातांवर ३.६. त्याने चष्मा काढून आमच्याकडे बघितलं फक्त. सर्व्हे आणि बोट बाहेर काढण्याचे काही शे पौंड गेले. बायको आठवडाभर गप्प होती. पण आमच्यासारखी वापरलेली बोट घ्यायला पन्नास हजार पौंडांच्या घरात जातात, आणि बोटीला घरासारखं बँकेचं गृहकर्ज सहसा मिळत नाही, म्हणजे सगळी पुंजी एकदम पाण्यात. मावसभावा, हा परिच्छेद दोनदा वाच.

पत्रा टिकवण्यासाठी दर दोन-तीन वर्षांनी बोट कोरड्या गोदीत न्यायची. तिथे प्रेशर वॉशरने शेवाळ काढायचं, खरवडायचं, वाळू द्यायचं आणि डांबरी काळा रंग तीन हात द्यायचा. याला ब्लॅकिंग म्हणतात. पाण्याच्या रेषेवर, जिथे हवा आणि पाणी दोन्ही लागतात, तिथे गंज सर्वांत जास्त धरतो, म्हणून तिथे एक हात जादा. आम्ही हे दोन्ही वेळा स्वतः केलं, पाच दिवसांची रजा टाकून. हात काळे, केस काळे, आणि नाकात रस्त्यावर डांबर घालतात तो वास. इपॉक्सीचा लेप जास्त वर्षं टिकतो, पण त्याआधी पत्रा वाळूच्या माऱ्याने अगदी उघडा करावा लागतो आणि ते महाग पडतं. डांबर स्वस्त आणि स्वतः करण्याजोगं, माझं मत त्यालाच.

बाजूंवर मॅग्नेशियमचे ठोकळे वेल्ड केलेले असतात, त्यांना अ‍ॅनोड म्हणतात. पोलादाच्या आधी ते झिजतात आणि पोलाद वाचवतात. तुमच्या घरच्या गीझरमध्येही असाच एक मॅग्नेशियमचा दांडा असतो. बोअरवेलच्या पाण्यावर गीझर चालवणाऱ्यांनी तो कधी बदलला होता ते जरा आठवून बघावं. बोट धक्क्यावरच्या विजेला जोडून ठेवणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावा, नाहीतर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटीचा गंज तुमच्या पत्र्यावर येतो.

रोजची देखभाल अगदी साधी. पंख्याचा दांडा ज्या भोकातून बाहेर पाण्यात जातो तिथे ग्रीस भरलेलं असतं. दिवसाचा प्रवास संपला की ग्रीसरला एक-दोन पीळ द्यायचे, म्हणजे पाणी आत येत नाही. तळाच्या खोलगट भागात पाणी साचलंय का ते बघायचं. पंख्यात प्लास्टिक, तार किंवा कोणाची तरी जुनी पँट अडकली, तर इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायची आणि मगच वरचं झाकण उघडून हात घालायचा. काम झाल्यावर ते झाकण घट्ट बसवायचं. सैल राहिलं तर पंख्याचं पाणी उसळून आत येतं, आणि अशाने बोटी बुडालेल्या आहेत.

आता आतली मांडणी. भिंतींची जाडी आणि इन्सुलेशन वजा जाता आत सहा फूटच उरतात. त्यातले दोन फूट जाण्या-येण्याची वाट. वजनाचा तोल हा सुताराच्या डोक्यात नसलेला विषय आहे, तो तुम्हीच ठेवायचा. फ्रिज, शेगडी, पुस्तकं सगळी एका बाजूला आली तर बोट कलते आणि डोशाचं पीठ तव्यावर एकाच दिशेला वाहतं. खरंच वाहतं. जमिनीच्या फळ्यांखाली विटा किंवा फरशा भरलेल्या असतात, त्या इकडून तिकडे सरकवून तोल साधायचा. आमच्याकडे तांदूळ आणि डाळींचे डबे उजवीकडे होते म्हणून सहा विटा डावीकडे. पाण्याची टाकी पुढच्या टोकाला असते. आमची ५०० लिटरची होती, म्हणजे भरली की अर्धा टन वजन. टाकी रिकामी होत आली की नाक वर येतं आणि कपाटाची दारं आपोआप उघडायला लागतात. आईने तिथे आल्यावर काठी मागितली नाही, दुसऱ्याच दिवशी कपाटाचं दार बघून "पाणी संपत आलं रे" म्हणाली.

वीज १२ व्होल्टची. ११० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या म्हणजे कागदावर ४४०, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हिशोब २२० चाच धरायचा. दिवसभर लॅपटॉपवर काम केलं की ४० जातात, फ्रिजला साधारण तेवढेच. मिक्सरवर पाच मिनिटं चटणी केली तर पाच-सहा. इलेक्ट्रिक किटली मात्र एकदम १७० अँपिअर ओढते, ती बोटीवर आणूच नका, चहा गॅसवर करा. लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्या तर जवळजवळ पूर्ण वापरता येतात, पण त्यांचं चार्जिंग जाणकाराकडून बसवून घ्या, कारण साधा अल्टरनेटर त्यांना भरताना जळू शकतो. छतावर सोलर लावाच, मात्र हुबळीचं ऊन डोक्यात धरून आकडेमोड करू नका. डिसेंबरात तिथे दिवस पावणेआठ तासांचा आणि तोही ढगाळ. तेव्हा इंजिन चालवून बॅटरी भरायची, आणि थांबलेल्या बोटीचं इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ बंद ठेवायचं असा नियम आहे. एक फायदा असा की इंजिनच्या उष्णतेवर अंघोळीचं पाणी तापतं. तासभर चाललं की बंब तयार.

गॅसबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे जिवाशी गाठ आहे. आपला १४.२ किलोचा सिलिंडर ओट्याखाली असतो. बोटीवर तसं चालत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराच्या फटीतून बाहेर जाईल, पण बोटीत तो खाली तळाशी साचतो आणि तिथून त्याला वाटच नसते. म्हणून सिलिंडर पुढच्या टोकाला वेगळ्या बंद कप्प्यात, ज्याच्या बुडाला बाहेर उघडणारी भोकं असतात. ती भोकं मोकळी आहेत ना ते महिन्यातून एकदा बघायचं. गॅस प्रोपेनच घ्यायचा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही आणि थंडीत सकाळी चहा मिळत नाही.

दुसरा शत्रू कार्बन मोनॉक्साइड. थंडीत लाकूड-कोळशाची शेगडी दिवसरात्र जळते आणि बोट पेटीसारखी बंद. दारात आणि छतात हवेसाठी कायमची भोकं ठेवलेली असतात. बाबा ऑक्टोबरात आले तेव्हा पहिल्याच रात्री त्यांनी दारातल्या जाळीत वर्तमानपत्र कोंबलं, "वारा येतो" म्हणून. मी ते काढलं आणि त्यांना अंगावर आणखी एक रजई दिली. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. एप्रिल २०१९ पासून बोटीत त्याचा अलार्म सक्तीचा आहे, पण सक्ती नसती तरी मी दोन लावले असते. धुराचा अलार्म वेगळा, आणि तो आपल्या फोडणीला हमखास वाजतो. आईने मोहरी टाकली की तो किंचाळायचा आणि शेजारच्या बोटीतले आजोबा डोकं बाहेर काढायचे. "त्याचा सेल काढून ठेव ना" असं आई रोज म्हणायची. सेल काढायचा नाही. खिडकी उघडून फोडणी करायची.

फोडणीची वाफ, ओले कपडे आणि दोन माणसांचा श्वास, हे सगळं पाणी होऊन थंड पत्र्यावर जमतं. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला आणि कपाटाच्या मागे दोन बोटं फट ठेवा, नाहीतर मार्चमध्ये हिवाळी कोटावर बुरशी सापडेल. संडासाचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि कोणी मोठ्याने विचारत नाही. आमच्याकडे कॅसेट होती, म्हणजे सुटकेससारखी टाकी, जी ओढत नेऊन ठरावीक ठिकाणी रिकामी करायची. पहिले दोन आठवडे वाईट वाटतं, मग वाटत नाही.

आणि लॉक. उतरताना बोट हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि पुढच्या दरवाजाच्या झडपा उघडून पाणी खाली सोडायचं. मागच्या दरवाजाच्या खाली दगडी उंबरा असतो, वर पाणी असताना तो दिसत नाही. बोटीचं शेपूट त्यावर राहिलं तर पाणी उतरताना मागचा भाग वर अडकतो, पुढचा खाली जातो आणि बोट मिनिटा-दोन मिनिटांत भरते. हौदाच्या काठावर पांढरी रेघ असते. तिच्या पुढे राहा, आणि झडप फिरवणाऱ्याने बोटीवरून नजर हलवू नये. लहान मूल असेल तर लॉकपाशी लाइफ जॅकेट, अपवाद नाही.

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला टार्डेबिग इथे एकापाठोपाठ ३० लॉक्स आहेत, ६७ मीटर चढ. दर खेपेला एका हौदातून लाख-सव्वा लाख लिटर पाणी वरून खाली जातं. बोट डोंगर चढून पलीकडे उतरली की दोन्ही बाजूंना एकेक हौदभर पाणी माथ्यावरून गेलं, म्हणून माथ्यावर तलाव बांधावे लागतात. हे कळल्यावर मला धारवाडच आठवलं. आपलं धारवाडही असंच माथ्यावर बसलेलं आहे. सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला बेडतीला मिळून अरबी समुद्राकडे जाते, तर हुबळीच्या बाजूचं बेण्णीहळ्ळाचं पाणी मलप्रभेतून कृष्णेला आणि मग बंगालच्या उपसागराला. गंमत म्हणजे सर आर्थर कॉटन या इंजिनिअरने १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे देशभर जलमार्ग बांधायची योजना मांडली होती, आणि त्यातला एक मार्ग तुंगभद्रेवरून वर येऊन कारवारला उतरणार होता. म्हणजे आपल्याच भागातला हा माथा कुठेतरी ओलांडून. हुबळी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. टार्डेबिगचा हिशोब लावला तर कारवारपासून एवढं चढायलाच अडीचशेहून जास्त लॉक्स, आणि माथा ओलांडणाऱ्या प्रत्येक बोटीमागे दोन-अडीच लाख लिटर पाणी. इथे प्यायला आठ दिवसांनी येतं! कॉटनचा मार्ग झाला नाही, सदर्न मराठा रेल्वे आली. तिचं मुख्यालय म्हणजे आजच्या कर्नाटक कॉलेजची धारवाडची इमारत. आता हुबळीचा १५०७ मीटरचा प्लॅटफॉर्म बघताना मी मनात आमच्या बोटी ओळीने लावतो. ८६ मावतात.

इंग्लंडमध्येही रेल्वेनेच कालव्यांचा धंदा बसवला. भाडं वाचवायला नावाडी कुटुंबासकट बोटीच्या मागच्या दहा फुटी केबिनमध्ये राहायला आले. म्हणजे घरभाडं परवडत नाही म्हणून बोट, ही कल्पना मावसभावाची नव्हे.

पण भाडं खरंच वाचतं का? परवान्याला वर्षाला हजार पौंडांच्या वर जातात, तो कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था देते. विमा हवा, दर चार वर्षांनी सुरक्षिततेचं सर्टिफिकेट हवं. कायमची जागा घेतली नाही तर दर चौदा दिवसांत बोट हलवायची, आणि २०२४ पासून अशा फिरत्या बोटींना जादा आकार लागतो. ब्लॅकिंग, कोळसा, डिझेल धरून आमचा महिन्याचा खर्च एका खोलीच्या भाड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त यायचा. पण फिरत्या बोटीला पत्ता नसतो. बँक, डॉक्टर, ऑफिस, सगळीकडे पत्ता लागतो. नव्या व्हिसावर गेलेल्याने पहिल्या वर्षी तरी फिरती बोट घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. राहण्याची परवानगी असलेली पक्की जागा मिळाली तर गोष्ट वेगळी, पण ती महाग आणि दुर्मीळ.

मुलगी रांगायला लागली तेव्हा आम्ही बोट विकली. एका बाजूला तापलेली शेगडी, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये दोन फुटांची वाट. बायको म्हणाली, "आता पुरे." विकताना घेणाऱ्याच्या सर्व्हेअरने सगळीकडे जाडी मोजली, पाण्याच्या रेषेवर ५.६ च्या खाली आकडा आला नाही. ब्लॅकिंगच्या तारखा, अ‍ॅनोड बदलल्याची पावती, इंजिन ऑइलचे तास, हे सगळं मी एका वहीत लिहिलेलं होतं. त्याने वही चाळली आणि किमतीत घासाघीस न करता हात पुढे केला.

मावसभावाला माझं एवढंच सांगणं आहे की मुदतठेवीला तूर्त हात लावू नकोस. आधी आठवडाभर बोट भाड्याने घे, चालवायचं लायसन्स लागत नाही. सगळे जुलैत घेतात. तू फेब्रुवारीत घे, जिथे मिळेल तिथे, आणि बरोबर कुकर ने.